कानातला 'मायोमा' : मराठीत काय म्हणायचं?

आमच्या मावशीच्या कानाच्या पाळीमागे वाटाण्याएवढी गाठ होती, मागच्या महिन्यात काढली, बायोप्सीत आलं 'अँजिओलायोमायोमा, बिनाइन'. मावशीने फक्त मायोमा एवढंच वाचलं आणि म्हणते, "अगं माझी पिशवी तर कधीच काढली, मग हे आता कानात कुठून उगवलं?" त्यात शब्द पाळी, म्हणजे गोंधळ पूर्ण. मराठीत काय सांगू हिला? नेटवर स्मूथ मसलला 'चिकनी मांसपेशी' मिळालं, ते भलतंच वाटतंय.

— मावशींचं अगदीच चुकलं नाही हां, पिशवीतला फायब्रॉइड म्हणजे पण लायोमायोमाच, फक्त तो तिकडून इकडे आलेला नाही. ग्रीकमध्ये लेइओस म्हणजे गुळगुळीत, मीस म्हणजे स्नायू (आणि उंदीरसुद्धा, आपला मूषक त्याच घराण्यातला!), ओमा म्हणजे गाठ. अँजिओ लागलं की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूची. ही जास्त करून पायावर होते, कानावर फारच क्वचित.

— मांसपेशी हिंदी आहे, आपल्याकडे पेशी म्हणजे सेल. गंमत बघा, सुश्रुताने पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजलेत, तिथे पेशी म्हणजे मसल आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर, म्हणजे दोन्ही शब्द आपणच सरकवलेत. स्मूथ मसलला शाळेच्या पुस्तकात 'अपट्टकी स्नायू' (पट्टे नसलेला) होतं, तेच घ्या.

— माझा भाऊ कान हलवून दाखवतो, त्याच स्नायूची गाठ का ही?

— नाही हो, तो पट्टकी, आपल्या मर्जीने हलणारा. अपट्टकी म्हणजे रक्तवाहिन्यांमधला, नाहीतर अंगावर काटा येतो तेव्हा केस उभे करणारा.

— बिनाइन ट्यूमरला 'सौम्य अर्बुद' लिहा की सरळ.

— अर्बुद म्हणजे दहा कोटी पण होतात आणि अबूचा पहाड पण, मावशी ऐकूनच घाबरतील. आमची आजी 'आवाळू' म्हणायची, किती छान शब्द, पण ते मऊ आणि न दुखणारं, ही गाठ टणक असते आणि कधीकधी दुखते पण, त्यामुळे इथे नाही चालणार.

— सगळ्यांना थँक्यू. 'रक्तवाहिनीच्या स्नायूची साधी गाठ' असं सांगितलं शेवटी. तर विचारते, "साधी म्हणजे कॅन्सर नाही ना?" म्हटलं नाही. "मग तेवढंच लिहायचं ना मेल्यांनी कागदावर."