येऊरमध्ये ब्लू ओकलीफ शोधण्याबाबत

नेरूळकर : नमस्कार. ऑक्टोबरमध्ये एखाद्या रविवारी सकाळच्या लोकलने ठाण्याला येऊन पुढे येऊरला जाण्याचा विचार आहे. ब्लू ओकलीफ हे फुलपाखरू मिटलेल्या पंखांनी सुकलेल्या पानासारखे दिसते, हे ठाऊक असूनही रानात ते नेमके कुठे शोधावे, हे उमगत नाही. उघड्या पंखांची निळी आणि मिटलेल्या पंखांची पानासारखी अशी दोन्ही छायाचित्रे एका दिवसात मिळतील का? त्याला पिकलेली फळे आवडतात असे ऐकले आहे, तर सोबत केळी न्यावीत का? की ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग अधिक सोयीची ठरेल?

रानवाट : ओवळेकर वाडी फुलपाखरांची ओळख करून घ्यायला उत्तमच आहे, मात्र ब्लू ओकलीफ हे फुलांवर रमणारे फुलपाखरू नसून दाट, ओलसर रानातले आहे, त्यामुळे त्याच्यासाठी येऊरच निवडावे. त्याच्या अळ्या कारवीच्या झुडपांवर वाढतात आणि येऊरच्या उतारांवर कारवी भरपूर आहे. ओढ्याकाठच्या सावलीत, ज्या खोडातून रस पाझरतो आहे ते खोड आणि उंबराखाली सडलेली फळे सावकाश न्याहाळावीत. ते वेगाने, वेडेवाकडे उडते आणि अचानक झुडपात शिरून पंख मिटून बसते. तेव्हा मागे धावू नये, ते जिथे उतरले त्या जागेवरची नजर मात्र ढळू देऊ नये. बारकाईने पाहिल्यास पुढच्या पंखाच्या टोकापासून मागच्या पंखाच्या शेपटीपर्यंत गेलेली गडद रेघ दिसेल. ती हुबेहूब पानाची मधली शीर वाटते आणि शेपटी देठासारखी दिसते. ती रेघ एकदा ओळखता आली, की पुढचे काम बरेच सोपे होते.

पाटोणपाडा : केळी कृपया नेऊ नयेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे खाद्य ठेवले की फुलपाखरांआधी माकडे येतात आणि माणसांकडून खाणे मिळण्याची त्यांना सवय लागते, ज्याचा त्रास शेवटी पाड्यांवर राहणाऱ्यांनाच होतो. आतल्या पायवाटांसाठी वनविभागाच्या फाटकावर आधी परवानगी विचारावी.

मॅक्रोप्रेमी : छायाचित्रांविषयी सांगतो. मिटलेल्या पंखांचे छायाचित्र घेताना कॅमेरा पंखांना समांतर धरावा, म्हणजे भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ च्या आसपास ठेवूनही शिरेची संपूर्ण रेघ स्पष्ट येते. निळी बाजू मिळवणे खरोखर कठीण आहे, कारण बसल्यावर ते बहुधा पंख मिटूनच असते. सकाळी ऊन खाताना ते पंख उघडण्याची शक्यता असते, म्हणून उन्हाचा कवडसा पडलेल्या जागी थांबावे आणि पानासारखे छायाचित्र आधी घेऊन ठेवावे. एकाच दिवसात दोन्ही मिळतीलच असे धरून चालू नये. आणि छायाचित्र इथे टाकताना केवळ ‘येऊर’ एवढेच लिहावे. नेमके झाड सांगितले, तर पुढच्या रविवारी तिथे गर्दी होऊन भोवतालची कारवी तुडवली जाईल.

नेरूळकर : मनापासून आभार. केळी नेत नाही आणि परवानगीची चौकशी आधीच करतो.