आईच्या गोळ्या: अलार्म वाजतो, बंदही होतो, पण गोळी घेतली का ते कळत नाही

मुक्ता_७: आईला बीपी, शुगर, थायरॉईड तिन्ही आहे आणि मी लांब राहते. तिच्या फोनमध्ये अलार्म लावून दिलेत पण होतं काय, की वाजला की ती म्हणते हातातलं काम आटोपून घेते, अलार्म बंद करते आणि तासाभराने तिलाच आठवत नाही की घेतली का राहिली. मग कधी सुटते, कधी दोनदा जाते, माझा जीव टांगणीला. ॲप घ्यावं की सेन्सरवाला डबा? गोळी पोटात गेली हे सांगणारं काही असतं का?

निरंजन: साध्या अलार्ममध्ये ‘घेतली’ची नोंदच राहत नाही, खरी अडचण ती आहे. असं ॲप बघा ज्यात ‘घेतली’ दाबेपर्यंत परत परत आठवण येते आणि नाहीच दाबलं तर तुम्हाला मेसेज येतो. सोबत आठवड्याचा कप्प्यांचा डबा हवाच, कप्पा रिकामा दिसला की प्रश्न मिटला. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट द्या, नाहीतर बरेच फोन बॅटरी वाचवायला ॲप परस्पर बंद करतात.

सेन्सरवाला डबा झाकण उघडलं एवढंच सांगतो. सेन्सर असलेली गोळी आहे, अमेरिकेत एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २०१७ मध्ये मंजूर केलेली, पोटात गेली की अंगावरच्या पट्टीला सिग्नल जातो, पण ती मानसिक आजारावरची आहे, तुमच्या कामाची नाही.

गोळीवाली_ताई: मी फार्मासिस्ट आहे. ॲपमध्ये वेळा भरताना घाई नको, तिथे चूक झाली की ॲप रोज न चुकता चुकीच्याच वेळेला आठवण करणार. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तास तरी अंतर. शुगरची मेटफॉर्मिन असेल तर ती जेवणासोबत. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, ॲपमध्ये ‘रोज’ राहून गेलं तर जिवावर बेतू शकतं!! आणि सुटलेल्या गोळीसाठी पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

सुहास_के: आईंना आधी हेही विचारा की विसरते का टाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण ५० टक्केच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, आणि ते सगळे काही विसरभोळे नसतात. गोळीने चक्कर येते, मळमळतं, म्हणून माणूस गुपचूप सोडतो, तिथे अलार्म काय करणार. आणि मेसेज तुम्हाला जाणार हे त्यांना सांगून करा, पाळत ठेवल्यासारखं वाटलं तर न घेताच ‘घेतली’ दाबतील.

मुक्ता_७: सुहासदादा, विचारलं. बीपीची एक गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं म्हणून बाहेर जायचं असलं की ती टाळते, हे मला माहीतच नव्हतं!! वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारते, मग ॲप भरते.