आयुर्मर्यादा, आयुर्मान की आणखी काही?

प्रश्न : ब्रिटनमधल्या मजूरवर्गाच्या आरोग्यस्थितीवरच्या एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालावरचा लेख मराठीत आणते आहे. त्यातला गाजलेला आकडा : मँचेस्टरचे मजूर १७, ग्रामीण रटलंडचे मजूर ३८. 'मँचेस्टरच्या मजुरांची आयुर्मर्यादा १७ वर्षे होती' हे वाक्य खटकतंय. 'आयुर्मान' घालू का?

उत्तर : 'आयुर्मर्यादा' काढाच. मर्यादा म्हटलं की सतरा पुरी झाली आणि माणूस संपला असं वाटतं. कासवाची, हत्तीची आयुर्मर्यादा ठीक. (आणि कृपया 'आयुष्मान' नको, तो आशीर्वाद झाला!)

उत्तर : मला इथे 'आयुर्मान'ही चुकीचं वाटतं. चॅडविकने फक्त मृतांच्या वयांची सरासरी काढली. ते झालं 'मृत्यूसमयीचं सरासरी वय'. वस्तीत मुलंबाळं जास्त असली की मृतांतही मुलं जास्त भरतात आणि सरासरी खाली येते, मग प्रत्येक वयाचा मृत्युदर दोन्हीकडे अगदी सारखा का असेना. वाढत्या कारखानदारी गावांत नेमकं हेच होतं. नीसन या विमागणितज्ञाने १८४४ मध्येच यावर बोट ठेवलं होतं.

आयुर्मानासाठी जिवंत किती हेही लागतं. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने जनगणना आणि मृत्यूनोंदी यांची सांगड घालून १८४१ चे तक्ते केले. त्यांत जन्मवेळचं आयुर्मान सरे परगण्यात ४५, लंडनला ३७ आणि लिव्हरपूलला २६ आलं. दरी खरीच होती, पण चॅडविकचा लिव्हरपूलच्या मजुरांचा १५ हा आकडा या २६ शेजारी मांडता येत नाही.

प्रश्नकर्ती : म्हणजे चॅडविकचा तक्ता गाळू?

उत्तर : छे, गाळू नका! त्याच तक्त्यात मँचेस्टरच्या वरच्या वर्गाचाही आकडा ३८ आहे, रटलंडच्या मजुरांइतकाच. सरासरीतला दोष धरूनही हे डोळ्यांत भरतं. फक्त नाव बरोबर द्या.

उत्तर : आणखी एक. 'मजुरांचे' लिहिलंत तर वाचक कामावर जाणारा बाप्या डोळ्यांसमोर आणतो. आकड्यात त्यांची बायकापोरंही आहेत, आणि मँचेस्टरच्या या वर्गातले निम्म्याहून अधिक मृत्यू पाच वर्षांच्या आतले. म्हणून : 'मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांत मृत्यूसमयीचं सरासरी वय १७ होतं.' लांबलं, पण चालेल.