स्कॅनमधला फरक म्हणजे मेंदूतला दोष नव्हे

आडवाट:
“सोशल अँग्झायटी (चारचौघांत वावरायची तीव्र भीती) हा मेंदूच्या वायरिंगमधला दोष आहे, स्कॅनमध्ये सिद्ध झालंय, तेव्हा ‘जरा धीट हो’ म्हणणं बंद करा” अशी पोस्ट काल आली. शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. आधीच्या वाक्यानं डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रेस्टिंग स्टेट एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये माणूस यंत्रात निपचित पडून एका फुलीकडे बघत असतो. मोजले जातात ते रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार. ज्या भागांचे चढउतार एका तालात होतात, त्यांचं मिळून नेटवर्क. त्रास असलेल्या आणि नसलेल्या गटांच्या सरासरीत फरक दिसतो, भीतीशी जोडलेला अमिग्डाला, इन्सुला, डिफॉल्ट मोड नेटवर्क वगैरे मेंदूतल्या ठिकाणी. पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाचं स्कॅन बघून निदान होत नाही. ते आजही बोलूनच होतं. त्यात बरेचसे अभ्यास काही डझन माणसांवरचे. मेंदू आणि वागणं यांचे असे संबंध भरवशानं सापडायला हजारो माणसं लागतात, हे मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलंय. सिद्ध कसलं झालंय?

कातरवेळ:
तुम्हाला बरं जमतं हे लिहायला. चारचौघांत चहाचा कप उचलला की बशी वाजते, म्हणून मी पाहुण्यांसमोर चहाच घेत नाही. घरी याला वर्षानुवर्षं नखरे म्हणत होते. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून अमिग्डालावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे आई गप्प बसली. तो आधारही काढून घ्यायचाय का?

आडवाट:
नखरे म्हणणारे चूकच. पण दोष म्हटलं की लोक कायमचा समजतात. फुरमार्क आणि सहकाऱ्यांचा स्वीडनमधला २००२ चा अभ्यास बघा. काहींना सिटॅलोप्रॅमच्या गोळ्या, काहींना सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची, बोलून करायची थेरपी), काही उपचाराविना प्रतीक्षायादीत. लोकांसमोर भाषण करताना मेंदूचं पेट (PET) स्कॅन घेतलं, म्हणजे रक्तप्रवाह मोजला. ज्यांना फरक पडला त्यांच्या अमिग्डालातली हालचाल कमी झाली, गोळीनं आणि सीबीटीनंही.

तिरकमठा:
तो अभ्यास १८ जणांवरचा आहे! डझनभर माणसांच्या अभ्यासांना नावं ठेवायची आणि सोयीचा असला की १८ चालतात?

आणि सीबीटीचं कौतुक पुरे. भीती वाटते तेच करायला लावायचं, हेच ना? मग वर्गात उभं करून वाचायला लावणारे शिक्षक तेच तर करत होते.

जुनीवही:
मी शिक्षिका आहे आणि मी उभं करते. कित्येक मुलं त्यातूनच बोलायला लागली. लाड करून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही.

कातरवेळ:
बोलायला लागलेली दिसतात तुम्हाला. मी उभी राहिले आणि आवाजच फुटेना. बाई म्हणाल्या, “सगळा वर्ग तुझ्यासाठी थांबलाय.” त्यानंतर मराठीचा तास असला की माझं पोट दुखायचं. अशी मुलं तुमच्या हिशेबात कुठे असतात?

जुनीवही:
एका बाईंवरून सगळ्यांना झोडपू नका.

समांतर:
समुपदेशनात आहे, म्हणून मध्ये पडतो. ढकलणं आणि सीबीटी एक नव्हे. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या मांडणीत मुख्य मुद्दा हा की माणसाचं सगळं लक्ष आत वळतं: मी कसा दिसतोय, हात थरथरतोय का. मग तो बचाव करतो. कप घट्ट धरतो, वाक्य मनात घोकून ठेवतो. प्रसंग निभावला तरी श्रेय त्या बचावाला जातं, भीती तशीच राहते. थेरपीत तोच संवाद एकदा बचावासह आणि एकदा बचाव सोडून करून बघतात, मग व्हिडिओ दाखवतात. मनातल्यापेक्षा आपण बरेच ठीक दिसतो, हे तिथे कळतं. आणि हे सगळं माणसाच्या संमतीनं. वर्गात उभ्या केलेल्या मुलाला यातलं काय मिळतं?

जुनीवही:
संमतीचं मानलं, एवढंच. आधी दोघांत वाचायला देईन, मग गटात. पण अजिबात वाचायचं नाही, ही सवलत मी देणार नाही.

आडवाट:
१८ चा आक्षेप रास्त आहे, घ्या. पण मग तो मूळ पोस्टलाही लावा. आणि कातरवेळ, तुमचा त्रास खरा ठरायला स्कॅन कशाला हवं? बशी वाजते एवढं पुरेसं नाही?

कातरवेळ:
मला पुरेसं आहे. आईला नव्हतं.

तिरकमठा:
जुनीवही, गटातही ज्याला जमणार नाही त्याचे गुण कापणार की नाही, ते आधी सांगा.