मदत हवी आहे: वाळपईकडे प्लंबिंगचं लायसन काढायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या गावात राहतो. वय ३६. अठरा वर्षं नळाचीच कामं करतोय, पण लायसन नाही.

आजवर अडलं नव्हतं. गळका नळ, टाकीचा बॉलकॉक, नव्या बाथरूमचं फिटिंग, याला कोण कागद विचारतो? गेल्या गणेशचवथीच्या आधी मात्र गोची झाली. शेजारच्या वाड्यावरच्या काकींना नवी नळजोडणी हवी होती. पंचायतीचा दाखला, घरपट्टीची पावती सगळं त्यांनी जमवलं, घरातला पाइप मी टाकला. अर्जावर लायसनवाल्या प्लंबरची सही नाही म्हणून कागद परत आले. शेवटी शहरातला एक लायसनवाला गाठला. तो घरी आला नाही की पाइप बघितला नाही. दुकानात बसूनच सही ठोकली आणि दीड हजार घेतले. काकी काही बोलल्या नाहीत, पण मलाच लाज वाटली. अर्धे मी भरले.

पैशांचं एकवेळ सोडा. उद्या जोड सुटला तर कागदावर नाव त्याचं आणि शिव्या मला.

काम मी फोंड्याच्या एका मेस्त्रींकडे शिकलो. तेव्हा सगळं जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. पाइप व्हाइसमध्ये आवळून तेल सोडत आटे पाडायचे, वर सफेदा लावून ताग गुंडाळायचा, तोही आट्यांच्याच दिशेने. उलटा गुंडाळला की सॉकेट चढवताना सगळा ताग बाहेर, आणि मेस्त्री पाना घेऊन मागे उभेच! आता सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप आला. सोल्व्हंट लावा, पाव फेरा देऊन दाबा, अर्धा मिनिट हलू देऊ नका, झालं. त्यामुळे हातकामाच्या परीक्षेची भीती नाही. भीती लेखीची आहे. शाळा नववीत सुटली. टाकी दहा मीटर उंचावर असली तर खालच्या नळाला चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो हे मला माहीत आहे, पण तेच कागदावर मांडून दाखव म्हटलं की घाम फुटतो.

वायरमन लोकांचं बरं आहे, त्यांना राज्याचं लायसनिंग बोर्ड असतं. आपलं तसं नाही. मुंबईत महापालिका लायसन देते, ते इथे दाखवून उपयोग नाही. शेजारच्या गवंड्याने केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घातलं, त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. मीही धावत गेलो, तर १८ धंद्यांच्या यादीत गवंडी आहे, न्हावी आहे, शिंपी आहे, प्लंबर नाही. जाऊ दे.

आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा. होंड्याला आयटीआय आहे, लांब नाही, पण घरात दोन मुलं आहेत, वर्षभर काम बंद ठेवून वर्गात बसणं परवडणार नाही. वर्गात न बसता, अनुभवावर बाहेरून परीक्षा देता येते असं ऐकलंय. इथे कोणी तशी दिली आहे का? अनुभवाचा दाखला कोणाचा चालला? माझे मेस्त्री वारले, त्यांनी कधी पावतीपुस्तकसुद्धा ठेवलं नव्हतं. दुसरा रस्ता आरपीएलचा, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. पण माझा खरा प्रश्न हाच की ते प्रमाणपत्र घेऊन सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात लायसनचा अर्ज केला तर घेतात, की आयटीआयचंच मागतात? ऐकीव नको, गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याने स्वतः अर्ज केलाय त्यानेच सांगा. रहिवासी दाखला, अनामत रक्कम, नूतनीकरण, जे काय लागलं तेही लिहा.

आणि फोंडा, डिचोली, सत्तरी भागात कोणी लायसनवाला असेल, जो साइटवर येऊन, जोड तपासून मगच सही करतो, तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. दोन घरांची कामं थांबवून ठेवली आहेत. त्याच्या हाताखाली करायला मी तयार आहे.