मदत हवी आहे: शीटमधला क्रिटिकल पाथचा लाल रंगच गायब झाला

नमस्कार मंडळी,

एका हॉलच्या इंटिरियरचं काम पुढच्या आठवड्यात सुरू करायचंय. वेळापत्रक एक्सेलमध्येच बसवलंय. कामं अशी:

अ – मोजमाप आणि आखणी, ४ दिवस
ब – फर्निचर तयार करणं, ६ दिवस (अ नंतर)
क – वायरिंग, ३ दिवस (अ नंतर)
ड – फर्निचर बसवून पॉलिश, ५ दिवस (ब नंतर)
इ – फॉल्स सीलिंग, ७ दिवस (क नंतर)
फ – दिवे, सफाई, ताबा, २ दिवस (ड आणि इ दोन्ही संपल्यावर)

अ-ब-ड-फ ही साखळी १७ दिवसांची, अ-क-इ-फ १६ दिवसांची. सगळ्यात लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ, तीच शेवट ठरवते. फ्लोट म्हणजे शेवट न ढकलता काम जितके दिवस लांबू शकतं ते; शून्य फ्लोटचं काम लाल दिसावं म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग लावलंय. पहिल्या दिवशी अ, ब, ड, फ लाल दिसत होते, म्हणजे सगळं बरोबर होतं.

साइट चालू असेपर्यंत रोजचा वरखर्च ४ हजार. सुतारांची जादा जोडी लावली तर ब मधला एकेक दिवस ३ हजारांना कमी होतो. म्हटलं, दोन दिवस कमी करू, ६ हजार घालून ८ हजार वाचवू. ब समोर ६ ऐवजी ४ टाकले, तर शेवट १७ वरून १५ वर यायच्या ऐवजी १६ वरच थांबला. शिवाय शीटमध्ये एकही काम लाल नाही! अ, क, इ, फ चा फ्लोट १ दाखवतंय, ब आणि ड चा २. क्रिटिकल पाथच नाही असं कसं होईल? सुतारांना उद्या होकार कळवायचाय, त्यामुळे जरा घाईत आहे.

दुसरं म्हणजे, काम सुरू झाल्यावर खर्च हाताबाहेर जातोय का हे याच शीटमध्ये कसं बघू?

प्रतिसाद १

शेवटच्या ओळीत, फ च्या 'उशिरात उशिरा संपेल' या रकान्यात काय आहे ते बघा. तिथे हाताने १७ टाकलेले असणार. बॅकवर्ड पास (शेवटापासून मागे येत उशिरातल्या तारखा काढणारा हिशेब) त्या १७ पासून मागे येतोय आणि प्रकल्प मात्र १६ ला संपतोय, म्हणून सगळ्यांना एक दिवस फुकटचा मिळालाय. त्या सेलमध्ये 'लवकरात लवकर संपेल' या रकान्याचा मॅक्स (सगळ्यात मोठा आकडा) द्या. मग अ, क, इ, फ लाल होतील, ब आणि ड चा फ्लोट १ येईल. क्रिटिकल पाथ गायब झालेला नाही, तो वायरिंग-सीलिंगच्या बाजूला सरकलाय.

प्रतिसाद २

वरचं निदान बरोबर आहे. त्यात एक भर. पुढे कामं वाढली की लुकअप (दुसऱ्या ओळीतला आकडा शोधून आणणारं सूत्र) किंवा मिनिफ्स (अटीत बसणाऱ्या ओळींतला सगळ्यात छोटा आकडा देणारं सूत्र) वापरावंसं वाटेल, आणि पूर्ण रकाना रेंज म्हणून दिलात की सर्क्युलर रेफरन्सची (सूत्र स्वतःवरच अवलंबून असल्याची) सूचना येईल, कारण त्या रेंजमध्ये स्वतःची ओळही येते. मी यात दोन रात्री घालवल्या आहेत. उपाय साधा आहे: आधीचं काम नेहमी वरच्या ओळीत ठेवायचं, फॉरवर्ड पासने (सुरुवातीपासून पुढे जात लवकरातल्या तारखा काढणाऱ्या हिशेबाने) फक्त वरच्या ओळी बघायच्या आणि बॅकवर्ड पासने फक्त खालच्या. मिनिफ्सला जुळणारी ओळ सापडली नाही तर ते शून्य देतं. ज्याच्यापुढे काहीच नाही अशा कामाला त्यामुळे शून्याची अखेर मिळते आणि फ्लोट उणे दिसू लागतो. तिथे शून्य आलं तर प्रकल्पाची अखेर घ्या, अशी अट घाला.

प्रतिसाद ३

सुतारांना दोन दिवसांचा होकार देऊ नका. पहिल्या दिवसाला ३ हजार जातात, वरखर्चाचे ४ वाचतात, १ हजार फायदा. त्यानंतर दोन्ही साखळ्या १६ वर येतात. दुसऱ्या दिवसाचे ३ हजार घालूनही सीलिंग ताबा अडवूनच धरणार, म्हणजे ते गेले. एकूण २ हजारांचा तोटा.

तिथून पुढे एक दिवस कमी करायचा तर दोन्ही साखळ्यांतला एकेक कमी करावा लागेल, किंवा दोन्हींत असलेलं काम: अ किंवा फ. त्यांचा दर काढलाय का? वेळ आणि पैसा यांच्या याच देवाणघेवाणीचं गणित मांडायला १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी ही क्रिटिकल पाथ पद्धत उभी केली. नुसता तारखांचा तक्ता काढून थांबलं तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

खर्चासाठी तीन रकाने पुरतील: आजपर्यंत ठरलेल्या कामाचं बजेट, प्रत्यक्ष झालेल्या कामाचं बजेटातलं मोल, आणि खरा खर्च. समजा ९० हजारांचं काम झालं आणि त्याला १०० हजार लागले, तर निर्देशांक (मोल भागिले खर्च) ०.९. एकूण बजेट १८० हजार असेल तर याच चालीने शेवट २०० हजारांवर जाईल. मोल आणि खर्च यांचा हा भागाकार रोज बघा. मोल आणि ठरलेलं बजेट यांच्या भागाकारावर मात्र वेळेसाठी विसंबू नका. फर्निचर पुढे गेलं की तो आकडा छान दिसतो आणि तिकडे सीलिंग रखडलेलं असतं. वेळेसाठी फक्त लाल ओळी.

धागाकर्ता

हाताने टाकलेले १७ च निघाले. मॅक्स दिल्यावर लाल रंग परत आला, तो वायरिंगवर! मनापासून आभार.

अ चा दर विचारला. आखणीला जादा माणूस घेतला तर एक दिवस ३.५ हजारांना कमी होतो. हिशेबाने ब चा एक दिवस आणि अ चा एक दिवस, दोन्ही घेतले तर १५ दिवस आणि दीड हजार फायदा. पण ब मधला दिवस घेतला की वायरिंग-सीलिंगकडे असलेला एकुलता एक दिवसाचा फ्लोट संपतो आणि सहाही ओळी लाल होतात. सीलिंगचं साहित्य बाहेरून यायचंय, ते एक दिवस जरी उशिरा आलं तरी वरखर्चाचे ४ हजार अंगावर येतील. फक्त अ कमी केला तर दोन्ही साखळ्या सारख्याच उतरतात, १६ आणि १५, आणि तो एक दिवस शिल्लक राहतो.

फायदा पाचशेचाच, तरी मी हेच करतोय. सुतारांना आत्ताच फोन करून जादा जोडी नको म्हणून सांगितलं.

प्रतिसाद ३

योग्य केलंत. काम सुरू झालं की वायरिंगच्या ओळीचा फ्लोट रोज संध्याकाळी बघा आणि साहित्याची तारीख शीटमध्ये वेगळं काम म्हणून घाला. ती आत्ता तुमच्या सहा ओळींत कुठेच नाही.