कोल्हापुरात पानगळीची अझेलिया जगंल का?

राजारामपुरीत घरापुढं जरा जागा हाय, केशरी फुलांची पानगळीची अझेलिया (हिवाळ्यात पानं गाळणारं फुलझुडूप) लावायची म्हणतोय, आपल्या काळ्या मातीत टिकंल का?

— जमिनीत नको भावा. तिला आम्लट माती लागते, पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकी माती आम्लट) ४.५ ते ६, आपली काळी माती त्याच्या वरची आणि पाणीबी धरून ठेवते, अझेलियाची मुळं वरवर असतात, पावसाळ्यात कुजणारच.

— माती कुंडीत बदलता येईल ओ, थंडीचं काय? या जातीच्या कळ्या नीट उमलायला हिवाळ्यात बरेच आठवडे कडक गारठा लागतो, आपल्याकडं जानेवारीतबी दुपारी स्वेटर काढावा लागतोय. त्यापेक्षा सदाहरित अझेलिया कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून कुंडीत, दुपारच्या सावलीला ठेवा. घरात शेळी-कुत्रं असंल तर लांबच, पानं विषारी.

— पानगळीच्या अझेलियागत बिनपानाच्या फांदीवर फुलंच बघायचीत तर देवचाफा लावा की, नाद खुळा!